पखवाजाची कणीक वाळली तरी सत्कार संपेनात

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी माईकवाला. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात लग्न, वास्तुशांत, पारायण, कबड्डीच्या मॅची, निवडणुकीच्या सभा, जे काय असंल तिथं साऊंड लावायचं हा आमचा धंदा. वडलांच्या वेळचे दोन कर्णे आणि एक अँप्लिफायर होता तिथनं सुरुवात, आता टॉप, बेस, मिक्सर सगळं आहे आणि त्याचे हप्ते पण आहेत. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, दुकानात बसून मोबाईलवर टाईप करालोय, त्यामुळं ऱ्हस्व दीर्घ तेवढं तुम्ही सांभाळून घ्या.

विषय आमच्या गावच्या कला महोत्सवाचा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कमिटीतले अर्धे जण माझे गिऱ्हाईक आणि उरलेले अर्धे पाव्हणे, नाव छापून आलं तर उद्या दुकानात चहाला यायचे बंद होतील. आणि तसं बघायला गेलं तर ही एका गावाची गोष्ट नाहीच, तालुक्यात आणि तिकडं बेळगावच्या आसपास जिथं जिथं मी साऊंड लावलंय तिथं थोड्याफार फरकानं हेच बघितलंय, तेव्हा ज्याला टोपी बसंल त्यानं घालून घ्यावी.

आमचा महोत्सव तीन दिवसाचा. भाताची मळणी होऊन सुगी आटपली, लोकांच्या हातात जरा पैसा आला की वर्गणीची पावती पुस्तकं बाहेर निघतात आणि शाळेच्या मैदानावर मांडव पडतो. सकाळी रांगोळी आणि पोरांची चित्रकला, एका कोपऱ्यात कुंभाराचं चाक (खानापूरची माती आणि खानापूरची कौलं सगळ्यांना माहीत आहेतच), तिथं पोरं कोपरापर्यंत हात माखून घेतात आणि आया ओरडत असतात, दुपारी शाळांचे डान्स, संध्याकाळी भजन आणि लोककला, आणि रात्री एक बाहेरचा मोठा कलाकार. चांगलं असतं ओ सगळं, मी नावं ठेवायला बसलेलो नाही. आधी हे देवळाच्या सभामंडपात व्हायचं. माझ्या वडलांनी तिथं एकच माईक लावलेला असायचा, तो पण गाणाऱ्यासाठी नव्हे, 'महाप्रसाद घेतल्याशिवाय कुणी जाऊ नये' एवढं सांगायला. गाणाऱ्याला माईक लागायचाच नाही, पेटी, तबला, टाळ आणि समोर मांडी घालून बसलेली शंभर एक माणसं, रात्री दोनला कोणतरी चहाची किटली फिरवायचा आणि बायका पोरांना मांडीवर झोपवून ऐकत बसायच्या. त्या मांडीवर झोपलेल्यातला एक मी.

आता गेल्या वर्षीचा दुसरा दिवस सांगतो. माझ्याकडं एक डायरी असते, हौस म्हणून नव्हे, जनरेटर तासावर असतो आणि डिझेलचा हिशोब कमिटीला द्यावा लागतो, म्हणून कधी चालू केला, कधी बंद केला आणि मधी स्टेजवर काय चाललं होतं हे मी लिहून ठेवतो. पत्रिकेत छापलेलं होतं 'सायंकाळी ठीक 5.30 वाजता'. हा 'ठीक' शब्द प्रेसवाल्यांनी आता टाईपमधनंच काढून टाकावा. साडेपाचला स्टेजवर सोफा होता, सोफ्यावर पांढरी चादर होती, टीपॉयवर पाण्याच्या बाटल्या होत्या आणि सोफ्याखाली एक कुत्रं झोपलेलं होतं. मी वन टू थ्री, ओंदू एरडू मूरू करून माईक तपासले, स्वागतगीताच्या पोरी नऊवारी नेसून, गजरे माळून रांगेत उभ्या होत्या. पाव्हणे आले सात वाजून पाच मिनिटांनी. तवर त्यातल्या दोन पोरी खुर्चीत झोपल्या होत्या आणि एकीचा गजरा दुसरीनं कुरतडून संपवला होता.

समई पेटवताना वारा होता, चार काड्या गेल्या. स्वागतगीत झालं. सात पस्तीसला सत्कार सुरू झाले. प्रत्येक सत्काराला मी डायरीत एक उभी रेघ मारली, खळ्यावर पोती मोजतात तसं, चार उभ्या झाल्या की एक आडवी. मोजून एकेचाळीस. शाल, फेटा, नारळ, कुंद्याचा (ही बेळगावची मिठाई) बॉक्स, आणि मग फोटो, फोटोवाला म्हणतो इकडं बघा, मोबाईलवाला म्हणतो इकडं बघा, फेटा ढिला होतो तो परत बसवायचा, तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात येतं की हार घालायचा राहिला. शिवाय निवेदक प्रत्येकाची ओळख आधी कन्नडमधे करून द्यायचा आणि मग तीच मराठीत, कारण एक भाषा आधी घेतली तर दुसऱ्यांना राग, आणि एकच घेतली तर बघायलाच नको. आमच्याकडं बॅनरवर कुठली अक्षरं वर आणि किती मोठी ह्यावरनं मिटिंगा मोडतात, पाट्यांवर 60 टक्के कन्नड पाहिजे असा कायदा आल्यापासनं तर बॅनरवाला पट्टी घेऊन मोजतो. ते राजकारण वेगळं आणि ते मी साऊंडच्या टेबलावरनं सोडवणार नाही. खरं मी काय म्हणतो, मैदानात बसलेल्या माणसाला दोन्ही भाषा कळतात की ओ. बाजारात भाजी तो कन्नडमधे घेतो आणि शिवी मराठीत देतो. मग एका पाव्हण्याची ओळख कन्नडमधे करा, पुढच्याची मराठीत करा, निम्मा वेळ तिथंच वाचतो.

नऊ दहाला सत्कार संपले. मग प्रमुख पाव्हण्यांचं भाषण. हे भाषण मला आता पाठ आहे, पाव्हणा बदलतो खरं भाषण तेच असतं. ही भूमी संगीताची आहे. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, 1880 ला त्यांनी पुण्यात शाकुंतल उभं केलं. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे, 8 एप्रिल 1924 चा जन्म. त्याच 1924 साली बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि तिथं अकरा वर्षाच्या गंगूबाई हनगल गायल्या. पलीकडं कुंदगोळला सवाई गंधर्व, अलीकडं मिरजेला अब्दुल करीम खाँसाहेब. सगळं खरं आहे, मी नंतर शोधून बघितलं, एकही गोष्ट खोटी नाही. फक्त हे सगळं सांगून होईपर्यंत त्या संगीताच्या भूमीतली माणसं स्टेजच्या मागं जवळजवळ चार तास जमिनीवर बसलेली होती.

त्यात आप्पा होते. आप्पा म्हणजे शेजारच्या गावच्या भजनी मंडळाचे पखवाजवाले, वय सत्तरीच्या वर, सगळा भाग त्यांना आप्पाच म्हणतो. टेम्पोतनं अकरा जण आलेले, डिझेल मंडळानं स्वतः घातलेलं. पत्रिकेत त्यांची वेळ सहा ते सात. आता ज्यांना पखवाज माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पखवाजाच्या उजव्या तोंडाला शाई असते, ती कायमची. डाव्या तोंडाला मात्र दरवेळी वाजवायच्या आधी ओली कणीक थापायची, पोळीच्या कणकेसारखीच, जरा सैल. ती कणीक ओली आहे तवर तो खर्ज येतो, पोटात गेल्यासारखा. कणीक वाळली की कडा सुटायला लागतात, आवाज डब्यासारखा होतो. वाजवून झालं की खरवडून काढायची, दुसऱ्या दिवशी परत नवी.

आप्पांनी पावणेसहाला कणीक लावली. मी डाव्या अंगाला एक माईक आणि उजव्या अंगाला एक माईक लावून दोन थापा मारायला सांगितल्या, दुसऱ्या थापेला माझ्या टेबलावरचा चहाचा कप हलला. मी म्हटलं आप्पा एकच नंबर. साडेसहाला त्यांनी बोटं पाण्यात बुडवून कणीक ओली केली. सातला परत. पावणेआठला ती तडकली, मग त्यांनी खरवडून काढली आणि जेवणाच्या मांडवात जाऊन बायकांकडनं नवीन गोळा मागून आणला. साडेआठला थंडी पडायला लागली, दव येतं आमच्याकडं ह्या दिवसात, तबलेवाला हातोडी घेऊन एकसारखा गठ्ठे ठोकत बसलेला, आणि आप्पा तिसऱ्यांदा कणीक मागायला गेले तेव्हा चपात्या लाटणाऱ्या बायका हसून म्हणाल्या, "किती चपात्या लाटतासा आप्पा तिकडं स्टेजवर?" आप्पा पण हसले. कणीक घेऊन आले आणि लावली.

भाषण नऊ अडतीसला संपलं, आभार झाले, सोफा उचलायला चार माणसं लागली. नऊ अठ्ठेचाळीसला कमिटीतले एक जण मागं आले आणि भजनी मंडळाला म्हणाले, पुण्याचे कलाकार थांबलेत, त्यांचं मानधन ठरलेलं आहे, तुमचं उद्या बघू. पुण्याचे गायक बिचारे चांगले होते, त्यांना पण काय मिळालं, तंबोरा लावून षड्ज धरला, आलाप केला, बंदिश अर्धी झाली आणि दहाला पोलीस आले. पोलिसांचं काय चुकलं नाही. 2000 सालचा आवाजाचा नियम आहे, रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. माझं सामान जप्त झालं तर कमिटी सोडवायला येणार नाही, म्हणून मी स्वतःच हळूहळू आवाज खाली आणला. तोंडावर फेडर खाली घेतलेल्या कलाकाराकडं बघवत नाही, माझ्या धंद्यातलं सगळ्यात वाईट काम हे.

आणि मागं आप्पा पखवाजाची कणीक खरवडत होते. लोखंडाची एक छोटी पट्टी असते त्यांच्याकडं, तिनं. गोळा हातात घेतला, इकडं तिकडं बघितलं आणि सोफ्याखाली झोपलेलं ते कुत्रं आता माझ्या केबलवर झोपलं होतं, त्याच्या पुढं ठेवला. कुत्र्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. अकरा जण टेम्पोत चढून गेले. त्यांना नारळ दिले होते.

साहेब, इथं माझी पण चूक आहे ती लिहितो. नऊ वाजता, सत्कार चालू असताना, मला वाटलं होतं की निवेदकाचा माईक बंद पडला असं दाखवावं, केबलवर पाय पडला म्हणावं, पाच मिनिटं गडबड होईल आणि तेवढ्यात भजनवाल्यांना वर घेता येईल. हात बटणावर होता. खरं फेटा बांधून घेत असलेल्या माणसाच्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात होतं आणि साऊंडची ऑर्डर माझ्याकडं होती. मी हात काढला. त्या महोत्सवात सगळ्यांची बिलं भागली, माझं पण पूर्ण भागलं, डिझेलसकट. भजनवाल्यांच्या टेम्पोचं डिझेल मात्र कुणी विचारलं नाही.

लोक म्हणतील दहाची वेळ वाढवून घ्या. नियमात तशी सोय आहे, वर्षातनं जास्तीत जास्त पंधरा दिवस, सरकार ठरवेल त्या सणासमारंभाला बारापर्यंत सूट देता येते. खरं बारापर्यंत सूट मिळाली तर काय होईल हे मला आत्ताच दिसतंय, सत्कार साडेअकरापर्यंत जातील. मी पंचवीस वर्षं बघतोय, सत्कार हे पाण्यासारखे असतात, भांडं जेवढं मोठं तेवढे पसरतात. आधी पाच असायचे. मग वर्गणीदारांचे सुरू झाले, मग वर्गणीदारांच्या वडलांचे, मग गेल्या वर्षी ज्यांचे सत्कार झाले त्यांच्या हस्ते यंदाच्यांचे, आणि ज्यांच्या हस्ते झाले त्यांचे शेवटी वेगळे.

वर्गणीदाराचा मान ठेवायलाच पाहिजे हे मला मान्य आहे. पाच पाच हजार देणारी माणसं आहेत, त्यात कुणी गोव्याला गवंडीकाम करणारा आहे, तो सुट्टी काढून येतो, त्याला स्टेजवर आपलं नाव ऐकायचं असतं, आई समोर बसलेली असते. त्याच्यावर हसणारा मी कोण. खरं हे सगळं पाच ते सहाच्या मधी होऊ शकतं की नाही. प्रमुख पाव्हणे आलेले नसतात ना तेव्हा, मग गावातल्या सगळ्यात जुन्या मास्तरांच्या हातनं, नाहीतर त्या चपात्या लाटणाऱ्या बायकांपैकी एकीच्या हातनं शाल द्या, सगळ्यांना एका रांगेत उभं करा, एक फोटो काढा. पाव्हणे सातला आले तर त्यांनी सातपासनं पुढचं बघावं. आजवर पाव्हणा येईना म्हणून कुठली बस थांबलेली मी बघितली नाही, कार्यक्रम तेवढा थांबतो.

आणि आठ ते नऊ ही वेळ आपल्या माणसांची. मैदान सगळ्यात भरलेलं कधी असतं माहीत आहे काय, आठ ते नऊ. जेवणं झालेली असतात, गोठ्यातलं काम आटपलेलं असतं, सासवा सुना दोघी एकदम बाहेर पडू शकतात अशी ही एकच वेळ. ती आम्ही फेट्याला देतो. बाहेरचा कलाकार नऊला बसवा, तासभर गाऊ दे. ज्याला जास्त ऐकायचं आहे त्याच्यासाठी शाळेचा हॉल आहे, नियमात बंद हॉलला दहानंतर पण मनाई नाही, आवाज आतल्या आत राहिला म्हणजे झालं. दारं लावा, माझे दोन छोटे बॉक्स पुरे, तेवढ्याचे मी पैसे पण घेणार नाही हे इथं लिहून देतो. शंभर माणसं बसतील. शंभर म्हणजे थोडी नव्हेत, सभामंडपात तेवढीच असायची.

कमिटीतल्या तरुण पोरांचं म्हणणं वेगळं आहे, की लोकांना हे भजन ओव्या नकोत, लोकांना डीजे पाहिजे. तिसऱ्या दिवशी काय झालं ते ह्या पोरांनी बघितलं नाही कारण ते तेव्हा ऑर्केस्ट्राची लायटिंग चढवत होते. 'उद्या बघू' म्हटलेलं त्यामुळं लोककलावाल्यांना तिसऱ्या दिवशी दुपारी चारला घातलं, उन्हात. आप्पांचं मंडळ काही परत आलं नाही, परत डिझेल कोण घालणार. एका वाडीवरची एक म्हातारी आली होती, जात्यावरच्या ओव्या आणि रोप लावणीची गाणी म्हणणारी. माईक बघितला की ती तोंड फिरवायची. उभा माईक लावला तर डोक्यावर पदर ओढून घेतला आणि गप्प बसली. शेवटी मी स्टँड काढून टाकला, रांगोळीच्या फुलांची एक बुट्टी तिच्या पुढ्यात ठेवली आणि माईक त्या फुलात घातला. तिला वाटलं माईक नेला. मग ती नातीकडं बघून म्हणायला लागली, हात जात्यावर फिरतात तसे मोकळेच फिरत होते. मैदानात चाळीस पन्नास माणसं असतील. चौथ्या पाचव्या ओवीला चहावाल्यानं गॅस बंद केला, आवाज येतो म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. धंद्याची वेळ होती त्याची.

ते मी माझ्या मोबाईलवर रेकॉर्ड केलंय, मिक्सरमधनं सरळ. अकरा मिनिटं. नंतर डान्सवाल्या शाळेचे सर आले आणि पेनड्राईव्ह लावा म्हणाले.

मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती त्या दर वर्षीच्या भाषणातनंच डोक्यात आली. किर्लोस्करांचा जन्म 1843 चा. त्याच 1843 साली सांगलीत विष्णुदास भावेंनी सीतास्वयंवर केलं, तिथनं मराठी नाटक सुरू झालं असं सगळे सांगतात. ते का केलं, तर कर्नाटकातनं एक भागवत मंडळी सांगलीला आली होती, त्यांचा खेळ तिथल्या राजेसाहेबांनी बघितला आणि म्हणाले असं मराठीत करा. आता त्या भागवत मंडळीत कोण कोण होतं, मृदंग कुणी धरला होता, नावं कुणाला माहीत आहेत काय. भाषणात कधी येत नाहीत. ती पण आप्पांच्या मंडळासारखीच माणसं असणार, कन्नड बोलणारी, पदरमोड करून, बैलगाडीनं नाहीतर चालत आलेली. समजा राजेसाहेबांनी त्यांना मागं बसवून ठेवून आधी एकेचाळीस सत्कार घेतले असते आणि मग तुमचं उद्या बघू म्हटलं असतं तर.

मानधनाचं पण बोलतो. बाहेरच्या कलाकाराला अॅडव्हान्स जातो, राहायची सोय, गाडी, सगळं. जायलाच पाहिजे, त्यांची पण पोटं आहेत. गावच्यांना मात्र शाल आणि नारळ, वर म्हणायचं ही तर सेवा आहे. मिरजेला खाँसाहेबांच्या नावानं दर्ग्यात उरुसाला मोठमोठे कलाकार हजेरी लावतात ती सेवा वेगळी, तिथं गाणारा स्वतः ठरवून येतो. इथं सेवा कुणी करायची हे कमिटी ठरवते आणि सोफ्यावर कोण बसायचं हे पण कमिटीच. एका शालीचा खर्च आणि एका फेट्याचा खर्च मी दुकानदाराला विचारला, एकेचाळीसनं गुणलं तर आमच्या भागातल्या चार भजनी मंडळांना डिझेलसकट चांगलं पाकीट देऊन वर चहाचे पैसे उरतात. आकडा इथं लिहीत नाही, दुकानदार पण माझाच गिऱ्हाईक.

हे सगळं जमणार नाही असं मला वाटत नाही. आमच्याच भागात कडोली, येळ्ळूर, उचगावसारखी गावं मराठी साहित्य संमेलनं भरवतात, खेड्यात, गावकऱ्यांच्या जोरावर. तिथं सगळं वेळेवर होतं असं म्हणत नाही, तिथं पण मी साऊंडवाल्यांना विचारलंय. खरं एखाद्या गावानं मनावर घेतलं तर दुसरं गाव बघून करतं, आमच्याकडं डीजे तसाच पसरला की.

यंदाच्या महोत्सवाची पहिली मिटिंग येत्या रविवारी देवळात आहे. मी डायरी घेऊन जाणार आहे, एकेचाळीस रेघा दाखवणार आहे, आणि ती अकरा मिनिटांची ओवी छोट्या बॉक्सवर लावणार आहे, ऐकू देत तरी. पत्र तुम्ही त्याच्या आधी छापलं तर बरं होईल, नंतर छापलं तर कोण छापून आणलं ह्याचाच शोध चालू होईल.

परवा आप्पांचा फोन आला होता. पत्रिका आली नाही अजून, खरं मंडळाला बोलावणार असं कुणीतरी बाजारात सांगितलं म्हणाले. चिडलेले वगैरे अजिबात नव्हते. एवढंच विचारत होते की बाबा तू स्टेजजवळ असतोस, तुला खरी वेळ माहीत असते, तर यंदा कणीक किती वाजता लावू ते मला आधी सांगून ठेव. मी म्हटलं रविवारी मिटिंग झाली की फोन करतो आप्पा.

आपला नम्र,
एक माईकवाला
ता. खानापूर, जि. बेळगाव